बियाण्याला प्रश्न, मग यंत्राला का नाही?

मृग नक्षत्र तोंडावर आले की जालन्याचा बियाणे बाजार गजबजू लागतो. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, घनसावंगी अशा तालुक्यांतून शेतकरी येतो, कापसाचे पाकीट हातात घेतो आणि प्रथम ते उलटे करून पाहतो. लॉट नंबर कोणता, उगवणक्षमता किती टक्के, तपासणी कधी झाली, मुदत कधी संपते, हे तो वाचतो; वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचवून घेतो. मग दुकानदाराला विचारतो, ‘‘हलक्या रानात चालेल का? मागच्या साली आमच्या भागात कोणी लावले होते? पक्की पावती देणार ना?’’ या प्रश्नांबद्दल त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. उलट काही न विचारता पाकीट उचलणाऱ्यालाच गाव हसते.

हाच शेतकरी, त्याचा शहरात शिकणारा मुलगा, मुलाचे प्राध्यापक आणि त्या प्राध्यापकांचे प्राचार्य असे सगळे जेव्हा ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ नावाच्या वस्तूसमोर उभे राहतात तेव्हा मात्र सर्वांची जीभ टाळ्याला चिकटते. व्यासपीठावरचा वक्ता ‘एआय’, ‘अल्गोरिदम’, ‘डेटा’ हे शब्द अक्षतांसारखे उधळतो आणि सभागृह मान डोलावते. कोणालाच फारसे कळलेले नसते. परंतु शेजाऱ्याला कळले असावे या भयाने प्रत्येक जण गप्प बसतो. हे यंत्र खरोखर विचार करते का? ते खोटे का बोलते? मी त्याला सांगितलेले कोठे जाते? त्याचे ऐकून नुकसान झाले तर भरून कोण देणार? हे प्रश्न घरोघरी आहेत, पण ते ओठांवर येत नाहीत. विचारले तर आपण मागासलेले ठरू, अशी लाज वाटते.

ही लाज या नव्या व्यापाराचे सर्वांत मोठे भांडवल आहे. ज्या मालाबद्दल ग्राहक प्रश्न विचारण्यास धजत नाही, त्या मालाला लेबल लावण्याची गरज विक्रेत्याला उरत नाही. म्हणूनच ही लाज झुगारून देणे हा सध्याच्या घडीला केवळ शहाणपणाचा नव्हे, तर स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

नावातच मेख

पहिला प्रश्न नावापासूनच विचारावा लागतो. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ ही संज्ञा प्रचारात आली ती अमेरिकन गणितज्ञ जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली लिहिलेल्या एका प्रस्तावातून. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ महाविद्यालयात संशोधकांची बैठक भरवावयाची होती आणि तिच्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनकडे निधी मागावयाचा होता. म्हणजे बुद्धी सिद्ध झाली म्हणून हे नाव पडले नाही. निधीच्या अर्जावर प्रथम नाव लिहिले गेले आणि बुद्धीचा शोध नंतर सुरू झाला. सत्तर वर्षे झाली, नाव तेच आहे. त्या नावाखाली विकली जाणारी वस्तू मात्र अनेकदा बदलली आहे.

आज ज्याची चर्चा आहे ते यंत्र करते तरी काय? जालनेकरांना हे समजावून सांगण्यास परदेशी दाखल्याची गरज नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आहेत. देशभरातून आणि परदेशांतून आलेले भंगार त्यांत वितळते आणि त्यातून नव्या सळया निघतात. या यंत्रांचेही तसेच आहे. पुस्तके, वृत्तपत्रे, संकेतस्थळे, लोकांच्या गप्पा, भांडणे, जाहिराती असा मानवजातीने लिहून ठेवलेला अवाढव्य मजकूर या भट्टीत घातला जातो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे अतिसूक्ष्म गणित यंत्र त्यातून बांधते. प्रश्न विचारला की त्या गणिताच्या आधारे ते एकेक तुकडा जोडत उत्तर रचते. गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेमुळे हे काम फार मोठ्या प्रमाणावर शक्य झाले आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आल्यावर त्याचा जगभर बोलबाला झाला.

यातून निघणारी सळई उपयोगाची नसते असे कोणीही म्हणणार नाही. पत्राचा मसुदा, भाषांतर, हिशेबाची आकडेमोड, अवघड धड्याचे सोपे स्पष्टीकरण ही कामे हे यंत्र थक्क व्हावे अशा वेगाने करते. परंतु भंगारात जे असेल त्याचाच अंश सळईत उतरतो, हे जालन्यातील कोणताही कारखानदार सांगेल. म्हणून तेथे वितळलेल्या धातूचा नमुना काढून तो तपासला जातो आणि मगच पुढचे काम होते. शब्दांच्या भट्टीचा नमुना कोण तपासतो, हा प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानविरोध कसा काय होतो?

या तथाकथित स्वयंचलित बुद्धीमागे माणसेही असतात, हे वक्ते सांगत नाहीत. यंत्राची उत्तरे वाचून त्यांना बरे-वाईट ठरविणारे, किळसवाण्या मजकुरावर खुणा करून तो गाळणारे हजारो कामगार निरनिराळ्या गरीब देशांत राबतात. केनियातील अशा कामगारांना तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी मोबदला मिळत असल्याचे ‘टाइम’ या अमेरिकी नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. जादूगाराच्या टेबलाखाली कोणीतरी बसलेले असते, ते असे.

पढतमूर्खाचा नवा अवतार

दुसरा प्रश्न अधिक व्यवहाराचा. एवढे वाचलेले यंत्र खोटे का बोलते?

याचे उत्तर वरच्या वर्णनातच आहे. यंत्राचे गणित शब्दांच्या संभाव्यतेचे आहे, सत्याचे नव्हे. माहिती असो वा नसो, वाक्य पूर्ण करणे हा त्याचा मूळ धर्म. माणूस खोटे बोलताना अडखळतो, नजर चुकवतो. यंत्राची भाषा खऱ्या उत्तरात जितकी सफाईदार असते तितकीच खोट्या उत्तरातही असते. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले जुने निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. हे निवाडे खरे आहेत ना, असे त्या वकिलाने यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने ‘होय’ म्हटले होते. न्यायालयाने त्या वर्षीच्या जूनमध्ये पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. तो वकिलांना भरावा लागला. यंत्राला नव्हे, यंत्राच्या मालकालाही नव्हे.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. ते गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे स्वतंत्र समासात आहेत आणि त्याच दशकाच्या अखेरीस ‘पढतमूर्ख’ हा वेगळा वर्ग सांगितला आहे. ज्याचे पाठांतर दांडगे, वाणी रसाळ, परंतु ज्याला स्वतःच्या बोलण्याचा अनुभव नाही, तो पढतमूर्ख. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ही कोटी करणाऱ्या समाजाने पाठांतराला ज्ञान समजून त्यापुढे लोटांगण घालावे, यासारखा विरोधाभास नाही.

यंत्राला भावना असतात का, या प्रश्नाचीही लोकांना लाज वाटते. त्याचा धडा १९६६ सालचा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक साधा कार्यक्रम लिहिला. समोरच्याचे वाक्य फिरवून त्यालाच प्रश्न म्हणून परत विचारायचे, एवढीच त्याची करामत. तरीही माणसे त्याच्याशी मनातले बोलू लागली. वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सचिव बाईंनी त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. यंत्राशी त्यांना एकांतात बोलावयाचे होते! वायझेनबाउम इतके हादरले की पुढे ते या क्षेत्राचे कठोर टीकाकार झाले. आजची यंत्रे एलायझापेक्षा कैक पटींनी गोड बोलतात. घरात आजी-आजोबा, काका-काकू असताना एखादा तरुण रात्री दोन वाजता यंत्राजवळ मन मोकळे करीत असेल, तर केवळ यंत्राला दोष देऊन भागणार नाही. त्याच्याशी बोलण्यास घरातील कोणाला सवड होती, हेही तपासावे लागेल.

‘ताण’ म्हणजे काय?

तिसरा प्रश्न मराठीचा. इंग्रजीत हुशार वाटणारे यंत्र मराठीत अवसान का गाळते?

कारण भट्टीत मराठी फारच थोडी पडली आहे. अशा यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी जगभरच्या संकेतस्थळांचा जो मोठा साठा सर्रास वापरला जातो, त्यात निम्म्याच्या आसपास मजकूर इंग्रजी आहे. मराठीचा वाटा एक टक्क्याच्याही कितीतरी खाली. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या आठ कोटी तीस लाखांवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत किती विलक्षण आहे ते ध्यानात येते. त्यात भर अशी की, अनेक यंत्रे देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पाडतात. तुकड्यांवर आकार असल्याने तेच वाक्य मराठीत विचारणे महाग पडते. मातृभाषेत बोलण्याचा हा अप्रत्यक्ष दंडच म्हणावयाचा!

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मोसंबीचा बागायतदार बहार धरण्यापूर्वी झाडांना ‘ताण’ देतो, म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडतो. ‘ताण किती दिवस द्यावा?’ हा त्याचा प्रश्न. परंतु लिखित मराठीत ‘ताण’ हा शब्द बहुतेक ठिकाणी मनाच्या ताणासाठीच येतो. ‘वापसा’ या शब्दात जमिनीच्या ओलीचे जे नेमके ज्ञान सामावले आहे, त्याला इंग्रजीत एका शब्दाचा पर्याय नाही. ही भाषा शेताच्या बांधावर बोलली जाते, पण कागदावर क्वचितच उतरते. आणि जे कागदावर नाही ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, हे योग्यच झाले. परंतु अभिजातपणाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आपली जिवंत बोली नव्या साधनांत उतरविली नाही, तर पुढची पिढी मराठीत प्रश्न विचारून चुकीचे उत्तर मिळाले म्हणून इंग्रजीकडे वळेल आणि दोष मराठीच्या माथी मारील. केंद्र सरकारचा भारतीय भाषांसाठीचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ पासून सुरू आहे. मुंबईच्या आयआयटीच्या नेतृत्वाखालील ‘भारतजेन’ प्रकल्प २०२४ साली पुढे आला. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘इंडिया एआय मिशन’साठी पाच वर्षांकरिता १०,३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले. हे स्वागतार्ह आहे. तथापि दिल्लीने भट्टी बांधून दिली तरी तीत घालावयाची मराठी जालन्यानेच द्यावी लागेल. बागायतदाराचे, विणकराचे, सुताराचे, सुईणीचे शब्द गोळा करून ठेवण्यास कोणत्या सरकारी आदेशाची वाट पाहावयाची?

बियाणे कोणाचे, पीक कोणाचे?

चौथा प्रश्न मालकीचा. यंत्राला सांगितलेले कोठे जाते?

मोफत मिळणाऱ्या अनेक सेवांत, वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पुढील प्रशिक्षणासाठी वापरण्याची मुभा कंपनी स्वतःकडे ठेवते. ती बंद करण्याची सोय असते, पण ती शोधावी लागते आणि ती असल्याचे बहुतेकांना ठाऊक नसते. सातबारा, आधारपत्र, आईचा रक्ततपासणीचा अहवाल, लेकीची पत्रिका अशा वस्तू लोक निःशंकपणे यंत्राच्या हवाली करतात. गल्लीतल्या अनोळखी माणसाला जे कागद कोणी दाखविणार नाही, ते सातासमुद्रापलीकडच्या गणकयंत्रांना दाखविले जातात. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. आपल्या माहितीचे काय केले हे विचारण्याचा आणि ती पुसून टाकावयास लावण्याचा हक्क या कायद्यात आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात आवश्यक मानली आहे. पण हक्क कायद्यात लिहिल्याने मिळत नसतो, तो विचारल्याने मिळतो.

विचारल्याने काय मिळते याचा दाखला जालन्याच्याच इतिहासात आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिकोची स्थापना केली आणि जालन्याचे नाव संकरित बियाण्यांच्या नकाशावर कोरले. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली, ती महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांच्या भागीदारीतून आलेल्या बियाण्याला. ४५० ग्रॅमचे पाकीट तेव्हा सोळाशे रुपयांच्या घरात होते. किमतीत तंत्रज्ञानाच्या स्वामित्वशुल्काचा वाटा केवढा, हा प्रश्न आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे नेला आणि २००६ साली किंमत साडेसातशेवर आली. तंत्रज्ञान तेच, पाकीट तेच. फरक पडला तो प्रश्नाने. पुढे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे अतोनात नुकसान केले, तेव्हा दुसरा धडा मिळाला. पहिल्या वर्षांचे यश म्हणजे कायमची हमी नव्हे.

येथे एक फरक मात्र ध्यानात घेतला पाहिजे. बियाण्याच्या व्यवहारात शेतकरी पैसे देऊन बी विकत घेतो. या नव्या व्यवहारात तो आपले अनुभवाचे बी कंपनीला फुकट देतो, त्यावर कंपनी पीक काढते आणि तेच पीक उद्या त्याला मासिक वर्गणी आकारून विकते.

नुकसान झाले तर दार कोणाचे ठोठवावे?

पाचवा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

बियाणे उगवले नाही तर शेतकरी काय करतो, हे जालन्यात सर्वांना ठाऊक आहे. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज जातो, शेतावर पंचनामा होतो. पावती आणि लेबल पुरावा म्हणून लावले जाते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. बियाणे कायदा १९६६ सालचा. त्या आधारावर एवढी वाट तयार होण्यास दशके लागली.

आता यंत्राचा विचार करावा. महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे शेतकऱ्यांसाठीचे उपयोजन सुरू केले. त्यात यंत्र मराठीत प्रश्नांची उत्तरे देते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी पाचशे कोटींची तरतूद केली. शेतकऱ्याच्या हाती त्याच्या भाषेत सल्ला यावा, हा हेतू निर्विवादपणे चांगला आहे आणि खासगी विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा शासनाचा सल्ला केव्हाही श्रेयस्कर. म्हणूनच त्याला प्रश्न अधिक कसोशीने विचारले पाहिजेत. फवारणीचे प्रमाण चुकीचे सांगितले गेले आणि पीक जळाले, तर पंचनामा कोणाच्या नावे व्हावयाचा? यंत्राने काय सांगितले होते याची पावती शेतकऱ्याजवळ राहणार का? तो सल्ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवर आधारलेला आहे की आणखी कोठून आला, हे त्याला दिसणार का?

बियाण्याच्या पाकिटावर असते तसे लेबल यंत्राच्या प्रत्येक उत्तराला असावे, ही मागणी अवाजवी नाही. त्या लेबलावर शिफारस कोणाची, ती कोणत्या तारखेची, कोणत्या जमिनीस आणि हवामानास लागू आणि खात्रीसाठी कोणत्या माणसाशी बोलावे, या चार ओळी असल्या तरी पुष्कळ. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. त्याच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर माणूस बोलतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात माणूस बसतो. बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीवर आयुष्य घालविलेली माणसे आहेत. यंत्राने या माणसांपर्यंतची वाट सोपी करावी. त्यांची खुर्ची रिकामी करण्याचे निमित्त होऊ नये.

उंबरठ्याच्या आतले प्रश्न

मध्यमवर्गीय घरांत आणखी तीन प्रश्न मनातल्या मनात घोळत असतात.

मुलाने गृहपाठ यंत्राकडून करून घेतला तर बिघडले काय? बिघडते ते एवढेच की, व्यायामशाळेत जाऊन वजन दुसऱ्याकडून उचलून घेतल्यासारखे होते. निबंधाला गुण मिळतात, पण निबंध लिहिताना मनाला जो व्यायाम घडावयाचा तो घडत नाही. यंत्राला घरातून हद्दपार करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मुलाने आधी स्वतः लिहावे, मग यंत्राचे पाहावे आणि यंत्राच्या उत्तरातील एक तरी चूक शोधून दाखवावी. ही शिस्त आई-वडिलांनी लावावयाची आहे, आणि त्यासाठी त्यांना संगणकाची पदवी लागत नाही.

नोकऱ्या जातील का? काही जातील, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तालुक्याच्या गावी एके काळी टंकलेखन संस्थांच्या फलकांनी रस्ते भरलेले असत. त्यांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. ठरावीक साच्याचे पत्र, ठरावीक भाषांतर, ठरावीक प्रश्नांना दूरध्वनीवर दिलेली ठरावीक उत्तरे एवढ्यावर ज्याचे पोट आहे, त्याच्यावर गंडांतर आहे. ज्याला आपले काम इतके आतून येते की यंत्राची चूक त्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याची गरज मात्र वाढणार आहे. म्हणून मुलाला ‘एआयचा कोर्स’ लावून देण्याच्या नावाखाली भरमसाट शुल्क घेणाऱ्यांना पालकांनी आधी विचारावे, ‘‘नेमके काय शिकवणार? शिकवणारा कोण? मागच्या तुकडीतील मुले आज कोठे आहेत?’’

आणि फसवणुकीचे काय? आता काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून माणसाचा आवाज हुबेहूब काढता येतो. पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या आवाजात रात्री दूरध्वनी येतो, ‘‘बाबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा,’’ आणि बापाच्या हातापायांतील बळ जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या शरीरावर बसविलेली चित्रफीत देशभर पसरली. प्रसिद्ध व्यक्तीची ही गत, तर गावातल्या लेकीबाळींची काय कथा! यावर घरोघरी साधे नियम हवेत. पैसे मागणारा दूरध्वनी आला की तो बंद करून आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर उलट दूरध्वनी करावा. कुटुंबात एक खुणेचा शब्द ठरवावा. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि मुलीच्या बनावट छायाचित्राचा प्रकार घडला तर तिला गप्प करू नये, तिच्या पाठीशी उभे राहून पोलीस ठाणे गाठावे. लाज गुन्हेगाराला वाटली पाहिजे, लेकीला नव्हे.

प्रश्न विचारणारा प्रगतीचा शत्रू नसतो

असे प्रश्न मांडले की एक वर्ग तत्काळ म्हणतो, हे मागे खेचणारे लोक आहेत, संगणकालाही असाच विरोध झाला होता. हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण खरा नाही. लॉट नंबर विचारणाऱ्या शेतकऱ्याने कधी संकरित बियाणे नाकारले? त्याने ते वापरले, वाढविले आणि जालन्याला बियाण्यांची राजधानी केले. विरोध आणि विचारणा यांत फरक आहे. विरोध करणारा वस्तूकडे पाठ फिरवितो, तर विचारणा करणारा तिला हातात घेऊन उलटी करून पाहतो. दुसरा एक वर्ग याच्या उलट टोकाला आहे. ‘‘हे सारे थोतांड आहे, आपल्याला काय करायचे?’’ असे म्हणून तो हात झटकतो. त्याचाही फायदा शेवटी विक्रेत्यालाच होतो, कारण जाणता माणूस दूर राहिला की मैदान भोळ्यांसाठी मोकळे राहते.

दासबोध हा गुरुशिष्यांचा संवाद आहे. त्यात श्रोता पुनःपुन्हा आशंका घेतो आणि वक्ता ती फेडतो. आशंका घेतली म्हणून श्रोत्याला कोणी सभेतून उठवीत नाही. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्याला प्रश्न विचारण्याची ज्या भूमीची रीत, तिने यंत्र विकणाऱ्यापुढे मौन धरावे हे अशोभनीय आहे.

हे मौन तोडण्याचे काम कार्यकर्त्यांना सहज करता येण्यासारखे आहे. येत्या ग्रामसभेत कृषी सहायकाला विचारावे की, यंत्राचा सल्ला चुकला तर अर्ज कोणाकडे करावयाचा, आणि उत्तर लेखी घ्यावे. शाळेच्या पालकसभेत विचारावे की, मुलांची नावे, छायाचित्रे आणि गुणपत्रके कोणत्या उपयोजनात भरली जातात. प्रत्येक वस्तीत महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी, जिथे आजीबाईही उठून ‘‘बाळा, हा फोनमधला माणूस खरा आहे का रे?’’ असे विचारू शकेल आणि कोणी हसणार नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर त्या संध्याकाळी मिळणार नाही, तो कागदावर लिहून तहसील कार्यालयात, विद्यापीठात, आमदार-खासदारांकडे पाठवावा. अनुत्तरित प्रश्नांचा असा गठ्ठा प्रत्येक तालुक्यातून दरमहा निघू लागला, तर लेबल लावण्याची सवय विक्रेत्यालाही लागेल आणि शासनालाही.